कृपेला तळटीप

"बाई, मनातलं देवाला सांगा, प्रस्तावात पुरावा द्या!" मार्गदर्शक मॅडमचं हे वाक्य अजून माझ्या कानात घुमतंय.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. कामाला हात लावण्याआधी दहा मिनिटं प्रार्थना, हा माझा बावीस वर्षांचा नेम. एक दिवस चुकला नाही! म्हणून संशोधनाला विषयही तोच घेतला : कामाआधी प्रार्थना केल्यास चुका कमी होतात का? वयाच्या अटीमुळे विद्यापीठाकडे प्रस्ताव पाठवायची ही शेवटची संधी. पण मी निर्धास्त. देव पाठीशी असताना प्रस्ताव तो काय!

पहिला मसुदा परत आला तो लाल शाईत न्हाऊनच. 'ईश्वरी कृपेने' हे शब्द चौदा ठिकाणी खोडलेले आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न : संदर्भ?

"अहो, कृपेचा संदर्भ कुठून आणू?" मी घरी विचारलं.

"तळटीप दे," पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले. "वरून आली म्हणून!"

मग मॅडमनी दोन गट करायला लावले. एकाने प्रार्थना करायची, दुसऱ्याने तीन महिने अजिबात नाही. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या ठरवणार. माणसं सातच भरली, म्हणून आठवी मी. प्रस्ताव पाठवला आणि हात जोडले, "देवा, एवढा मंजूर होऊ दे. त्यातला शब्दन् शब्द पाळीन!"

मंजूर झाला! पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून मी सगळ्यांसमोर चिठ्ठ्यांचा डबा हलवला, डोळे मिटले, नाव घेतलं आणि चिठ्ठी उचलली.

'प्रार्थना नाही.'

"घडी नीट नव्हती हो... पुन्हा काढू?"

"देवाने दिलेली चिठ्ठी परत करता, ताई?" शेजारच्या टेबलावरचे नास्तिकराव खिदळले. मग त्यांनी स्वतःची उघडली आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केला. "अरे बापरे! मला प्रार्थना! ताई, डोळे मिटल्यावर पुढे काय करायचं असतं? डुलकी लागली तर?"

"माझीही लागते," मी हळूच कबूल केलं.

सोमवारी सकाळी घरून निघताना सवयीने पाय कोपऱ्यातल्या आसनाकडे वळले. मी त्यांना माघारी वळवलं, जेवणाचा डबा पिशवीत टाकला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. दिलेला शब्द पाळायचा होता.

फक्त, आपण तीन महिने का येणार नाही, हे प्रार्थना न करता देवाला कळवायचं कसं, तेवढं प्रस्तावात लिहायचं राहून गेलं!