पाणी थांबतं तो तास

टाळ्या वाजवायच्या नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. इतका साधा, बिनकष्टाचा निर्णय माणसाने आयुष्यात क्वचितच घेतला असेल. हात जागच्या जागी ठेवून बसायचं, बस. शिवाय माझ्या हातात बटाट्याच्या सॅलडची बशी होती, त्यामुळे सबबही तयार होती.

आमच्या क्लबच्या लाकडी हॉलमध्ये त्या शनिवारी माझ्या शेजाऱ्याला, रॉडरिकला, बिल्ला देत होते. हा बिल्ला म्हणजे आमच्या गावात काय चीज आहे, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. गळाने धरलेला सॅमन मासा तीस पौंडांच्या वरचा हवा. होडी वल्ह्यांनी चालवायची, इंजिनाचं नाव काढायचं नाही. गळाला एकच आकडा. आणि ज्याच्या हातात गळ असताना मासा लागला, त्यानेच तो ओढून आणायचा. दुसऱ्याने गळाला नुसतं बोट लावलं तरी मासा बाद. एवढं करून मासा आणलात तर छातीला बिल्ला आणि भिंतीवरच्या पाटीवर नाव. त्या नावाखाली बारीक अक्षरांत होडी वल्हवणाऱ्याचंही नाव असतं, पण ते वाचायला खुर्चीवर चढावं लागतं.

रॉडरिकचा मासा भरला तीस पौंड दोन औंस. "ते दोन औंस त्या माशाने सकाळी खाल्लेल्या हेरिंग मासळीचे असणार," मी बायकोच्या, इंगाच्या, कानात म्हणालो. हळूच म्हणालो होतो, पण नेमका त्याच क्षणी सगळा हॉल गप्प झाला होता.

घरी येताना इंगा गाडीत म्हणाली, "तुझ्या पोटात दुखतंय."

"सॅलड जरा आंबलं होतं."

"सॅलड मी केलं होतं."

पुढचे चार मैल आम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं पाहिली. (झाडं चांगली आहेत आमच्याकडे.)

सोसवत नव्हतं, हे आता मान्य करतो. रॉडरिक तो बिल्ला टोपीला लावी, रेनकोटला लावी, गवत कापतानाच्या बनियनला लावी. एकदा तर मी त्याला अंघोळीच्या टॉवेलवर बिल्ला लावलेला पाहिला. (टॉवेल नव्हता, बाथरोब होता. पण भावना समजून घ्या.) हेही मी गिळलं असतं. पण एका सकाळी इंगा कुंपणापाशी उभी राहून त्याला म्हणाली, "छान दिसतो हो बिल्ला तुम्हाला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या अंगावरच्या वस्तूला ती शेवटचं छान म्हणाली तो एक टाय होता, आणि तोही तिनेच आणला होता.

"त्यात काय मोठं," मी कुंपणापाशी जाऊन म्हणालो. "मीही आणतो एक मासा. या सीझनला."

मी मूळचा सस्कॅचवान प्रांताचा. म्हणजे जिथे नजर जाईल तिथे गहू, आणि समुद्र कुठल्याही दिशेला हजार मैलांवर. इंगाशी लग्न करून बावीस वर्षांपूर्वी या बेटावर आलो आणि गावच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून झालो. तेव्हापासून पाण्यातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता.

रॉडरिकचा चेहरा उजळला. "वा, ऑरेस्ट. वल्हवायला कोण? सांग, मी येतो."

रॉडरिकचा सगळ्यात मोठा दोष हाच, की तो चांगला माणूस आहे. नीट मत्सरसुद्धा करू देत नाही. पण त्याने वल्हवलं असतं, तर माझ्या नावाखाली त्याचं नाव लागलं असतं, आणि पुढची तीस वर्षं तो येईल त्याला खुर्चीवर चढवून ते दाखवत बसला असता.

"गरज नाही," मी म्हणालो. "इंगा वल्हवणार आहे."

इंगा मागे घेवड्याच्या शेंगा तोडत होती. "मला कुणी विचारलं?"

"आता विचारतोय."

तिने शेंगांची टोपली खाली ठेवली. तिचे वडील कोळी. जाळ्यांचा धंदा. हौसेने गळ टाकणाऱ्यांना ते माणसांत धरत नसत. पोटासाठी मासे धरायचे, त्याचा खेळ करायचा नाही, म्हणत. त्यामुळे वल्ही हातात घेऊन वाढलेल्या या बाईने बिल्ल्यासाठी गळ कधी टाकलाच नव्हता.

"मला लहानपणापासून हवा होता तो बिल्ला," ती म्हणाली. "येईन. पण एक तास तू गळ धरायचास, एक तास मी. वल्ही तशीच आलटून पालटून."

मी फक्त 'येईन' एवढंच ऐकलं.

सासऱ्यांची जुनी होडी शेडमागून काढली, भेगा भरल्या, रंगवली, आणि रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की आम्ही पाण्यात. अठरा संध्याकाळी गेलो. त्या अठरा संध्याकाळींत मी पकडलेल्या गोष्टी म्हणजे दोन मुशी, समुद्रवेलींचे भारे, एकाची टोपी आणि एकदा माझाच रेनकोट, तोही मागून. इंगाला एकदा एकवीस पौंडांचा लागला. तिने तो नीट जवळ आणला, पाहिला आणि सोडून दिला. "बिल्ल्याचा नाही," म्हणाली. मला रात्रभर त्या माशाचाही राग येत होता, की तो तिच्या तासाला आला.

असं करता करता सप्टेंबरची पंधरा तारीख आली. सीझनचा शेवटचा दिवस. त्या दिवशी मी ठरवलं, आता नशिबावर सोडायचं नाही, शास्त्राने जायचं.

आमच्या खाडीतलं पाणी नदीसारखं धावतं. भरती संपून ओहोटी लागायच्या मध्ये ते काही मिनिटं थांबतं, आणि मोठा सॅमन गळाला लागला तर त्याच वेळी लागतो. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, मलाही. वेळा बघायचं काम तोवर इंगा करायची. मी सकाळी फ्रिजवरचा भरती-ओहोटीचा छापील तक्ता पहिल्यांदाच नीट वाचला. पंधरा सप्टेंबर, पाणी थांबणार सहा वाजून दहा मिनिटांनी. पेन्सिलीने त्याला गोल केला. म्हणजे सहाच्या आधीपासून सातच्या आसपासपर्यंत गळ कुणाच्या हातात असायला हवा? बरोबर.

"इंगा," मी अगदी लोण्यासारख्या आवाजात म्हणालो, "आज पहिला तास मी घेतो. सहाला दहा कमी ते सातला दहा कमी. त्यानंतरची सगळी संध्याकाळ तुझी. अंधार पडेपर्यंत."

तिने कॉफीच्या कपावरून माझ्याकडे बघितलं. मग फ्रिजकडे बघितलं. "नक्की ना?"

"नक्की."

"मग नंतर कुरकुर नको."

"मी? कुरकुर?"

संध्याकाळी पाण्यावर पंधरा-वीस होड्या होत्या. इंगा वल्हवत होती, मी गळ धरून ताठ बसलो होतो. सहा दहा झाले. पाणी काही थांबेना. समुद्रवेली प्रवाहात आडव्या पडल्या होत्या, त्या तशाच. सव्वासहा. साडेसहा. रॉडरिक आपल्या मेहुण्याची होडी वल्हवत जवळून गेला. "काय रे ऑरेस्ट, आज लवकर आलास?"

मला वाटलं, टोमणा आहे. "वेळेवर आलोय," मी म्हणालो.

सातला दहा कमी असताना इंगाने वल्ही आत घेतली आणि हात पुढे केला. मी म्हणालो, अजून पाच मिनिटं. तिने हात तसाच ठेवला. गळ दिला. जागा बदलली. मनात म्हटलं, घे बाई, आता काय उरलंय त्यात.

मी वल्हवायला लागलो आणि दहा मिनिटांत वल्ही हलकी झाली. बाजूला पाहिलं तर समुद्रवेली उभ्या होत होत्या. पाणी तळ्यासारखं सपाट झालं होतं. घड्याळात सात वाजून सात मिनिटं. हे काय चाललंय, असं मी म्हणेपर्यंत इंगाच्या हातातला गळ वाकला आणि रीळ किंचाळायला लागलं.

"ऑरेस्ट, वल्हव."

आसपासच्या होड्या पटापट बाजूला झाल्या. मासा लागलेल्या होडीला वाट द्यायची, ही आमची रीत. रॉडरिक लांबून ओरडला, "गळाला हात लावू नकोस हं, ऑरेस्ट."

"नाही लावत."

"बाद होईल."

"माहीत आहे रे बाबा."

मासा खाडीच्या तोंडाकडे सुटला आणि मी त्याच्यामागे. बावीस वर्षं खुर्चीत बसलेल्या कारकुनाचे हात ते, दहा मिनिटांत सोलवटून निघाले. आणि त्या हातांपेक्षा जास्त आग आत होत होती. माझा मासा होता तो. अठरा संध्याकाळी मी वाट बघितली, शास्त्र मी लावलं, गोल मी केला, आणि मासा हिचा.

आता एक गोष्ट सांगतो, ती कुणाला सांगू नका. आमच्या डावीकडे समुद्रवेलींचं दाट रान होतं. दोन वल्ही चुकीची पडली असती, तर दोरी त्यात गुंतून तुटली असती. नवशिका वल्हवणारा, चूक झाली, कुणी काही म्हणालं नसतं. हा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला बोलू, दोनदा आला.

"डावीकडे वेली आहेत," इंगा माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुला दिसतायत, हे मला माहीत आहे."

मी उजवीकडे वल्हवलं. नुसतं वल्हवलं नाही, जीव तोडून वल्हवलं, कारण तिचा चेहरा मला दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले, केस तोंडावर आलेले, आणि डोळ्यांत, शेंगांची टोपली ठेवून 'लहानपणापासून हवा होता' म्हणाली तेव्हाचा भाव. पस्तीस मिनिटं चाललं हे. शेवटी मासा होडीला लागला. हातजाळं तेवढं वल्हवणाऱ्याने धरायचं असतं, ते मी धरलं, उचललं आणि माशासकट होडीच्या तळाशी बसलो. मासा माझ्या मांडीवर. त्याने मला दोन थपडा मारल्या. मला त्या पटल्या.

काट्यावर भरला त्रेचाळीस पौंड. बिल्ल्याचा मासा आला की वाजवतात ती किनाऱ्यावरची घंटा वाजली. रॉडरिक धावत आला आणि त्याने आधी इंगाला मिठी मारली, मग मला. म्हणाला, "काय वल्हवलंस, लेका." मला त्याचाही राग आला, कारण तो मनापासून बोलत होता.

त्यानंतरच्या शनिवारी पुन्हा हॉल, पुन्हा सॅलड. माझ्या दोन्ही तळहातांना इंगाने बांधलेल्या जाड पट्ट्या. तिच्या छातीवर बिल्ला लावला तेव्हा सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले, आणि मी एकटा हात मांडीवर ठेवून बसलेला. लोक बघत होते. मी पट्ट्या वर करून दाखवल्या. (जळत होतो म्हणून नाही हो. म्हणजे, तेवढंच कारण नव्हतं.) शेजारी बसलेल्या रॉडरिकने माझ्या वाटच्याही टाळ्या वाजवल्या.

मग इंगा बोलायला उभी राहिली. दोन वाक्यांच्या वर कधी न बोलणारी बाई.

"हा बिल्ला मला लहानपणापासून हवा होता," ती म्हणाली. "तो ऑरेस्टमुळे मिळाला. तक्त्यातली वेळ हिवाळ्याच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात आपण घड्याळं पुढे करतो, तेव्हा तिच्यात एक तास मिळवायचा, हे आपल्या सगळ्यांना पाळण्यापासून ठाऊक आहे. म्हणजे त्या दिवशी पाणी थांबणार होतं सात दहाला. सीझनचा शेवटचा दिवस. ऑरेस्टलाही बिल्ला हवा होता. आणि तरी त्याने आपण होऊन तो तास मला दिला."

मी सॅलडची बशी खाली ठेवली. एक तास मिळवायचा. आमच्या सस्कॅचवानात घड्याळाला कुणी हात लावत नाही. उन्हाळा असो, हिवाळा असो, सहा म्हणजे सहा. इथे आल्यापासून घरातली घड्याळं पुढे-मागे करते ती इंगा.

हॉल पुन्हा उठला, या वेळी माझ्यासाठी. रॉडरिकचे डोळे भरून आले होते. "माझ्या बायकोसाठी मला हे जमलं नसतं," तो म्हणाला.

"माहीत आहे," त्याची बायको म्हणाली.

मी मान खाली घालून बसलो. सगळ्यांना वाटलं, विनय. पण विनय कसला. आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव माझं कौतुक करत होतं, आणि ते ज्या माणसाचं चाललं होतं त्या माणसाचाही मला हेवा वाटत होता.

घरी आलो. इंगाने बिल्ला कोटावरून काढून नाइटगाउनला लावला. मला राहवेना. बायकोशी तरी खरं बोलावं, म्हणून घसा साफ केला.

"इंगा, तुला एक सांगायचंय. तो तास..."

"सहा दहाभोवतीचा गोल मी सकाळीच पाहिला होता," ती म्हणाली. "पेन्सिलीने दोनदा गिरवलेला."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं की. नक्की ना, म्हणून." तिने दिवा मालवला आणि पांघरूण ओढून घेतलं. "पुढच्या वर्षीही तास तूच ठरव."