गिधाडाची ऊ

डॉक्टरांनी गिधाडांना औषधाने आंघोळ घातली आणि तिथेच माशी शिंकली.

त्या जातीच्या गिधाडांची जगातली ही शेवटची जोडी, आणि ती प्राणिसंग्रहालयाच्या ह्या डॉक्टरांच्या हवाली. मादी उवांनी बेजार झाली होती. सारखं अंग खाजवायची, अंड्यावर बसायलाच तयार नव्हती. आंघोळ झाली आणि बाई शहाण्यासारख्या अंड्यावर जाऊन बसल्या. डॉक्टरांनी हुश्श केलं.

दुसऱ्या दिवशी एक टकले प्राध्यापक काचनळ्या घेऊन दारात हजर. गृहस्थांनी जन्मभर फक्त उवांचा अभ्यास केलेला. ही ऊ म्हणे ह्याच गिधाडांवर जगते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. आंघोळीचं ऐकलं आणि त्यांनी काचनळ्या खाली ठेवल्या.

"एक जात वाचवलीत, डॉक्टर, आणि दुसरी मोरीत सोडलीत."

प्राणी वाचवण्यात डॉक्टरांनी अख्खं आयुष्य घातलं, आणि कपाळी हे? दोघांनी टॉवेल, हातमोजे, मोरीची जाळी, सगळं पालथं घातलं. हाती भोपळा. तेवढ्यात डॉक्टरांनी कानामागे खाजवलं. प्राध्यापकांनी तिथे भिंग धरलं. ऊ होती. एकुलती एक मादी, अंड्यांनी टम्म.

पण आता तिला ठेवायचं कुठे? नळीत ती तासाभरात गारठून मरणार. गिधाडांच्या पिसांत उद्यापर्यंत औषधाचा अंमल. प्राध्यापकांच्या डोक्यावर तर औषधालाही केस नव्हता. शेवटी उद्यापर्यंत ती डॉक्टरांनी स्वतःच्याच डोक्यात सांभाळायची ठरली. नहायचं नाही, खाजवायचं नाही, उशीला टेकायचं नाही.

घरी आईला हे सांगायची त्यांना लाज वाटली. एवढा चाळिशीचा घोडा, आणि डोक्यात ऊ! ते खुर्चीत ताठ बसून राहिले. टाळूची नुसती आग होत होती, तरी हात मांडीखाली दाबून धरले. पण दिवसभराचा शीण, शेवटी डोळा लागलाच.

जाग आली ती केसांतून फिरणाऱ्या ओळखीच्या बोटांनी. लहानपणीसारखं बरं वाटत होतं. मग दोन नखांमध्ये टच्च असा आवाज झाला.

डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठले.

"एवढा शिकलास, पण स्वतःच्या डोक्यात काय आहे ते कळत नाही तुला," आई नखं पुसत म्हणाली. "सगळं डोकं बघितलं मी. नशीब, एकच होती."