शिरीषची गुपचूप सहल

गुपित राखण्याच्या बाबतीत शिरीष स्वतःला वस्ताद समजत असे. यंदा डिसेंबरात बोर्निओच्या जंगलात जायचं, निवांत बसून ओरांगउटान बघायचे आणि ते राहत त्या बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या एकाही मराठी माणसाला कानोकान खबर लागू द्यायची नाही! मागच्या वर्षी तो वेलुवेच्या रानात हरणं बघायला निघाला, तर तिथलं अख्खं मराठी मंडळ मागे. डबे काय, अंताक्षरी काय! शिरीष दिवसभर "शू! शू!" करत फिरला. हरणाचं शेपूटही दिसलं नाही.

तिकिटं काढली आणि त्याला संशय यायला लागला. खालच्या मजल्यावरचा सौमित्र दुकानात डासांचं मलम घेताना सापडला.

"ऐन थंडीत डास?"

"असू द्यावं घरात!" म्हणत सौमित्र सायकलवर टांग टाकून पसार.

दुसऱ्या दिवशी जिन्यात चकल्यांचा वास! दिवाळी तर केव्हाच होऊन गेलेली. सौमित्रच्या आईने, कुमुदिनीकाकूंनी, दार बोटभर उघडलं.

"काकू, आत्ता चकल्या?"

"खावीशी वाटली रे एखादी."

त्यांच्या मागे टेबलावर चकल्यांचा डोंगर! आणि खुर्चीवर जंगलात जळवा चढू नयेत म्हणून घालतात ते गुडघ्याएवढे मोजे वाळत होते. म्हणजे बोर्निओची बातमी फुटली होती!

"तू बोललीस!" घरात शिरताच त्याने बायकोला, निशिगंधाला, धरलं.

"मी? अरे, मी अजून आईलासुद्धा सांगितलं नाहीये! तूच ऑफिसात बरळला असशील."

दोन दिवस अबोला. शेवटी त्याने चोरावर मोर व्हायचं ठरवलं. बोर्निओ रद्द! भरलेले पैसे बुडाले तरी बेहत्तर. श्रीलंकेला जायचं! तिथे बिबटे आहेत, हत्ती आहेत आणि मुख्य म्हणजे सौमित्र नाही. निशिगंधालासुद्धा त्याने विमानतळाच्या ट्रेनमध्ये बसल्यावरच सांगितलं. बसू देत मंडळाला बोर्निओत चकल्या खात!

स्किपोलला चेक-इनच्या रांगेत आधी तो ओळखीचा खमंग वास आला. मग सौमित्र दिसला, मग काकू, मग सगळं मंडळच, एकसारख्या पिवळ्या टोप्या घालून. शिरीषच्या तोंडचं पाणी पळालं. नवल म्हणजे, सौमित्रच्याही!

"तुला कोणी सांगितलं?" सौमित्रने विचारलं.

"काय?"

"आम्ही श्रीलंकेला चाललोय ते! दोन महिने तुझ्यापासून लपवतोय. तू बरोबर असलास की आम्हाला बोलायची चोरी!"

निशिगंधा हसता हसता बॅगेवरच बसली. शिरीषला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "योगायोग हो, नुसता योगायोग," तो पुटपुटला. पण कोण विश्वास ठेवणार? पिवळ्या टोप्या आता एकमेकींकडे संशयाने बघत होत्या, आपल्यातला घरभेदी कोण!

अखेर काकूंनाच दया आली.

"जाऊ दे, आलाच आहेस तर चल," असं म्हणून त्यांनी एक जडशी पिशवी त्याच्या गळ्यात अडकवली. "आमचं वजन जास्त भरतंय, तुझं सामान कमी दिसतंय. जपून हं, आत ढोलकी आहे!"