कालवडींना ताण देऊ नये

"यंदा आपल्या चारही कालवडी वेळेच्या कितीतरी आधी वयात येतील," धाकट्याने जेवता जेवता जाहीर केलं, "आणि हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं."

घरात कुणीच मान वर केली नाही. धाकट्याला याची सवय होती. कालवडीची वाढ आणि तिचं वयात येणं शरीरातली कोणती संप्रेरकं कशी ठरवतात, यावर त्याने वर्षानुवर्षं डोकं शिणवून डॉक्टरेट मिळवली होती. पण घरातल्यांच्या लेखी तो अजूनही दूध उतू जाताना शेगडीसमोर पुस्तक वाचत बसलेला मुलगाच होता. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, शाळा सुटल्यापासून गोठा सांभाळला होता. धाकट्याच्या हातात पाना दिसो, बादली दिसो की वासराचं दावं दिसो, दादा म्हणायचा, "आण इकडे." आवाज न चढवता म्हणायचा, त्यामुळे ते जास्तच लागायचं.

तरी या खेपेला धाकट्याने चिकाटी सोडली नाही. त्याने सगळं समजावून सांगितलं. कालवड नुसती महिने मोजून मोठी होत नाही. अंगात पुरेशी चरबी साठली की ती चरबी मेंदूला निरोप धाडते, घरात दाणागोटा आहे, आता पुढचा विचार करायला हरकत नाही. मेंदू खालच्या ग्रंथीला हुकूम देतो, ग्रंथी अंडाशयाला देते, आणि कालवड माजावर येते. हा निरोप लवकर पोचवायचा असेल तर खाणं मोजूनमापून द्यायचं, संध्याकाळी दिवे लावून दिवस लांबवायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जनावराला ताण द्यायचा नाही. ताणाचं संप्रेरक चढलं की ते वरून आलेला निरोप वाटेतच दाबून ठेवतं.

"आमच्या मोठ्या साहेबांसारखं," वहिनी म्हणाल्या. त्या नगरपालिकेत कारकून होत्या. निरोप कसे दाबले जातात हे त्यांना शास्त्रज्ञाने सांगायची गरज नव्हती.

दादाने मात्र घास थांबवला. "ताण म्हणजे नक्की काय?"

"भीती, गर्दी, कंटाळा, अंगाची खाज. थोडक्यात, जनावर सुखात पाहिजे."

दादा हात धुवायला उठला. उठता उठता त्याने निकाल दिला. हिवाळा संपेपर्यंत कालवडींचा गोठा धाकट्याचा. जमलं तर कायमचा त्याचा. नाही जमलं तर पशुखाद्याच्या कंपनीतली जी नोकरी समोर चालून आली आहे ती निमूट घ्यायची आणि पोती खपवत बसायचं. धाकट्याला गोठा हवा होता. खरं सांगायचं तर गोठ्यापेक्षाही त्याला, दादाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "बरोबर आहे तुझं" एवढं ऐकायचं होतं. या वयात हे कबूल करायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. तांबू, ठिपकी, लाजरी आणि म्हातारी अशा त्या चौघी. म्हातारी वयाने सगळ्यांत लहान, पण जन्मापासून तिचा चेहरा पेन्शन अडकल्यासारखा होता, म्हणून ते नाव. धाकट्याने खाणं तोलून घातलं, दिवे लावले आणि सगळ्यांना ताकीद दिली की कालवडींच्या आवारात उगाच कुणी शिरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. तो स्वतःसुद्धा सकाळी त्यांच्या माना गव्हाणीच्या गजांत अडकल्या असतील तेवढ्या वेळातच मागून एक चक्कर मारी. एरवी समोरच्या बोळातून बघे. तिथून फक्त चार तोंडं दिसत, आणि कालवडीच्या तोंडावरून तिच्या मनात काय चाललंय हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

माज ओळखायला त्याच्याकडे रंग होता. कालवड माजावर आली की बाकीच्या तिच्या पाठीवर चढतात आणि ती हलत नाही. हे बघायला दिवसभर कोण उभं राहणार? म्हणून शेपटीच्या मुळाशी लाल रंगाचा जाड पट्टा ओढायचा. पट्टा शाबूत असेल तर पोर लहान आहे, घासून गेला असेल तर मोठी झाली. साधी, स्वस्त, जगभर चालणारी युक्ती. पहिल्या दिवशी चार शेपट्या रंगवताना निम्मा रंग धाकट्याच्या सदऱ्याला लागला आणि वहिनींनी दारातच विचारलं की भावजी, कुणाला मारून आलात का?

आठवडे गेले. पट्टे जसेच्या तसे! थंडी ओसरायला लागली, कंपनीतून दोनदा विचारणा झाली, आणि धाकट्याची झोप उडाली. कालवडी खाऊन खाऊन तुकतुकीत झाल्या, तो वाळत चालला. कालवडींचा ताण कमी करता करता तो सगळा त्याच्याच अंगात साठला होता. एकदा तर तो बोळात उभा राहून म्हातारीला हात जोडून म्हणाला, "बाई, माझं नाही तर निदान शास्त्राचं तरी ऐक." म्हातारीने रवंथ थांबवलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा सुरू केलं.

आणि एका सकाळी तांबूचा पट्टा गायब!

दुसऱ्या दिवशी ठिपकीचा गेला, लाजरीचाही गेला. तिसऱ्या दिवशी म्हातारीची शेपटीसुद्धा घासूनपुसून लख्ख. इथे खरं तर त्याने थांबायला हवं होतं. म्हातारी अजून अंगाने नीट भरलीही नव्हती. शिवाय माजावर आलेली कालवड हंबरते, येरझाऱ्या घालते, खाण्यावरून तिचं मन उडतं. या चौघी मुकाट्याने खात होत्या. पण शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत असते, त्याला कुठल्याही मूर्खपणाला आधार सापडतो. आवाज नाही? मुका माज असेल, पुस्तकात आहे. त्याने नवे पट्टे ओढले, तेही दुसऱ्या दिवशी पुसले गेले. दर तीन आठवड्यांनी येणारा माज रोज कसा येईल? पहिल्या खेपेला चक्र आखूड असतं, तेही पुस्तकात आहे. पुस्तकात काय नाही!

त्याने दादाला बोलावून आणलं. दादाने चारही शेपट्या वाकून बघितल्या. मग हळूच म्हणाला, "बरोबर होतं म्हणायचं तुझं."

धाकट्याला गहिवरून आलं. तो चारा आणायच्या निमित्ताने मागे गेला आणि तिथे थोडा वेळ उभा राहिला.

तिथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण दादा, जो कधी चार शब्द जोडून बोलला नव्हता, तो त्याच संध्याकाळी दूध संघात जाऊन भावाचं कौतुक करून आला. संघाचे अध्यक्ष म्हणाले, आम्हालाही बघू द्या. ते एकटे येतील असं वाटलं होतं, ते गावभरचे दूधवाले घेऊन आले. वहिनींनी रजा टाकून सगळ्यांसाठी चहा ठेवला. कृत्रिम रेतनासाठी धाकट्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. या बाई त्याच्याच वर्गात शिकलेल्या. तिथे तो पहिला आला होता आणि त्या दुसऱ्या, आणि हे त्या विसरल्या नव्हत्या.

गव्हाणीशी चौघी कालवडी, मागे पाहुण्यांची रांग, मध्ये धाकटा. तो बोलायला लागला तो थांबेचना. चरबी, मेंदू, ग्रंथी, अंडाशय, दिवे, ताण! लोक माना डोलावत होते. दादा सगळ्यांत मागे उभा होता आणि धुतलेला सदरा घालून आला होता. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून तांबूला तपासलं. मग ठिपकीला. मग लाजरीला. म्हातारीपाशी त्या जरा जास्तच थांबल्या.

"काय, घालायचं ना रेतन?" धाकट्याने ऐटीत विचारलं.

"कुणाला?"

"चौघींना."

"अरे, यांची अंडाशयं अजून वाटाण्याएवढी आहेत. यातली एकही माजावर आलेली नाही. ही शेवटची तर अजून तान्ही म्हणायची."

"मुका माज असेल," धाकटा म्हणाला.

"मुका नाही. आलेलाच नाही." बाईंनी मोजा काढला. दुसऱ्या नंबरच्या माणसाला असा दिवस आयुष्यात एकदाच मिळतो, पण त्या भल्या, हसल्या नाहीत. त्या न हसल्यामुळे धाकट्याला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग रंग कसा गेला?" अध्यक्षांनी विचारलं.

वहिनी चहा घेऊन आल्या, आणि कालवडींचं खाणं संपलं म्हणून दादाने सवयीने गव्हाणीचे गज सैल केले. चौघींनी माना काढून घेतल्या. पाहुण्यांच्या रांगेकडे ढुंकूनही न बघता त्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून मागच्या खांबापाशी गेल्या. जिज्ञासू लोक त्यांच्यामागून गेले. त्या खांबाला रस्ते झाडायच्या गाडीचा एक जाडजूड गोल ब्रश आडवा ठोकलेला होता. तांबू उलटी फिरली, शेपटीचं मूळ ब्रशाला टेकवलं आणि डोळे मिटून घासायला लागली. तिच्यामागे बाकीच्या तिघी शिस्तीत रांग लावून उभ्या राहिल्या. ब्रश लालभडक झाला होता.

टाकीआडची ती जागा धाकट्याला बोळातून दिसत नव्हती. आणि सकाळी मागून चक्कर मारताना त्याचं लक्ष शेपट्यांवरून कधी हललं नव्हतं.

"हा कुणी लावला?" धाकट्याने विचारलं.

"मी," दादा म्हणाला. "तूच म्हणालास ना, ताण नको, अंगाला खाज नको. त्यांना सगळीकडे चाटता येतं, शेपटीच्या मुळाशी तेवढी जीभ पोचत नाही. म्हणून उंची मोजून बरोबर तिथेच लावला. हिने नगरपालिकेतून मिळवून दिला. अर्जावर सह्या व्हायला हिवाळा गेला, नाहीतर केव्हाच लावणार होतो."

"मला सांगायचं तरी."

"आत फार जायचं नाही, बोलायचं नाही, असंही तूच सांगितलं होतंस."

धाकटा खांबाला टेकला. जन्मात पहिल्यांदा दादाने त्याचं ऐकलं होतं. अक्षर न् अक्षर ऐकलं होतं! आणि त्यानेच सगळ्याचा चुथडा झाला होता. रागवावं तर कुणावर? त्याला तिथेच बसकण मारून रडावंसं वाटलं, पण त्या जागेसाठीसुद्धा रांग होती.

पाहुणे हसले असते तर एक वेळ चाललं असतं. ते हसले नाहीत. अध्यक्षांनी घसा साफ करून ब्रश मात्र झकास आहे असं म्हटलं, आणि सगळी गर्दी दादाभोवती जमा झाली. ब्रश किती उंचीवर ठोकायचा, नगरपालिकेत अर्ज कुणाच्या नावे करायचा, खिळे कुठले वापरायचे. दादा उत्तरं देत होता. धाकट्याने रिकाम्या कपबशा गोळा करायला घेतल्या, तर वहिनींनी त्याही त्याच्या हातातून काढून घेतल्या.

संध्याकाळी तो दादाजवळ जाऊन बसला. "कंपनीला होय म्हणून कळवतो," तो म्हणाला. मनातून त्याला वाटत होतं, दादा नको म्हणेल. दादा दावं वळत राहिला.

"आणि कालवडींचं काय करणार?"

"कालवडींचं काय करायचंय? त्यांचं काय चुकलं?" दादा म्हणाला.

धाकटा कंपनीत रुजू झाला. त्याला बसायला गोदामाच्या कोपऱ्यात एक टेबल मिळालं. तीन बाजूंनी पोत्यांची चळत आणि चौथ्या बाजूला भिंत. गिऱ्हाइकाला ग्रंथी आणि अंडाशय ऐकायचं नसे, पोतं कितीला एवढंच विचारायचं असे. संध्याकाळी अंगाला पेंडीचा वास घेऊन तो भाड्याच्या खोलीवर जाई आणि कालवडींचा विचार करायचा नाही असं ठरवून कालवडींचाच विचार करत पडे.

उन्हाळा अर्ध्यावर आला असताना एका दुपारी वहिनींचा फोन आला. चारही कालवडी माजावर आल्या होत्या. खऱ्याखुऱ्या. हंबरून हंबरून त्यांनी सगळ्यांना जागवलं होतं, डॉक्टरीणबाईंनी तपासून खात्री करून दिली होती. मागच्या वर्षीच्या कालवडींपेक्षा चांगल्या दोन-अडीच महिने आधी! हे रोज तुमच्यासारखंच करतात, वहिनी सांगत होत्या. तेच खाणं, तेच दिवे, तोच शेपटीला रंग. ब्रश तेवढा वर नेलाय, मान पोचते, शेपटी नाही.

धाकटा पोत्यांमध्ये ताडकन उभा राहिला. "म्हणजे माझं बरोबर होतं! वहिनी, दादाला द्या ना फोन."

"हे घरी नाहीत. दूध संघात भाषण आहे त्यांचं. हल्ली सारखं बोलावतात."

"दादाचं? भाषण? कशावर?"

"कालवडींना ताण देऊ नये, यावर."

धाकट्याने शक्य तितकं सहज विचारलं, "माझं नाव घेतो का तो?"

"घेतात की. सुरुवातच तुमच्यापासून करतात."

"काय म्हणतो?"

वहिनी घुटमळल्या. मनाने त्या चांगल्या होत्या, पण खोटं बोलणं त्यांना नगरपालिकेबाहेर जमत नसे. "म्हणतात, आमच्या कालवडींचा ताण कमी करायला पहिला उपाय म्हणून आम्ही धाकट्या भावाला नोकरीला लावलं."

धाकट्याने फोन ठेवला. त्याला खूप राग आला होता, आणि रागाच्या भरात तो दादाचं म्हणणं शास्त्राच्या आधाराने खोडून काढायला बसला. खाणं तेच. दिवे तेच. रंग तोच. ब्रश हातभर सरकला होता, पण त्याने काही कालवडी वयात येत नाहीत. बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती पोत्यांमध्ये बसली होती.