गफूरमामूंचं कोपर

बादलीत कोपर बुडवून, डोळे मिटून ओणवा झालेला माणूस तुम्ही पाहिलाय? आखाडा बाळापूरला आमच्या शेजारी तो रोज सकाळी दिसायचा. ते गफूरमामू. धंदा पत्र्याचे गळके डबे डाख देऊन सांधण्याचा आणि नाद धुण्याच्या मशीनचा.

मशीन भंगारातून आणलेलं. नव्वदीच्या दशकात आमच्या गल्लीतलं एकुलतं एक. ते सुरू झालं की आमच्या फळीवरचे कप किणकिणायचे. पाणी चुलीवर तापवून वरून ओतायचं. पण कोपराने कौल दिल्याशिवाय मामू थेंबही आत जाऊ देत नसत. तेलकट सदऱ्याला कडक, रोजच्या कपड्यांना कोमट, दुधाच्या नि रक्ताच्या डागाला माठातलं गार. "पाणी बराबर तर समदं बराबर," हे त्यांचं ब्रीद. एकदा मी विचारलं, "मामू, बोटं काय कामाची मग?"

"बोटं खोटं बोलतात, गुरुजी."

मी शाळामास्तर. मला सगळं कळतं, असा माझाच समज.

मामूंची लेक सलमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची आई ती तान्ही असतानाच गेलेली. मागे उरलं होतं तिने लेकीसाठी शिवलेलं एक दुपटं. बाळाला पहिल्यांदा त्यातच गुंडाळायचं, हे मामूंनी कधीचं ठरवलेलं. माळ्यावरची पेटी उतरवायला मी मदतीला गेलो, ती उघडताना पत्र्याने बोट कापलं आणि दुपट्यावर चांगला रुपयाएवढा लाल डाग पडला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मामू नेमके तेवढ्यात बाहेर गेलेले. मी घाईघाईने चुलीवरचं उकळतं पाणी उचललं.

"ओ गुरुजी! शिजवून राहिले काय त्याला?" मामू दारातूनच ओरडले. "गरम पाण्यानं रक्त पक्कं बसतंय!"

त्यांनी दुपटं माझ्या हातातून काढून घेतलं. माठाच्या पाण्यात अर्धा तास भिजवलं, मग मशीनमध्ये ते एकटंच फिरवलं. तोवर माहीत असलेले सगळे देव माझे आळवून झाले. दुपटं बाहेर आलं, उजेडात उलटंपालटं करून पाहिलं. डाग नव्हता! मामू हसले, तेव्हा कुठे छातीवरचा धोंडा उतरला.

मग त्यांनी आपणहून बोटं माझ्यापुढे धरली. डाख देऊन देऊन घट्टे पडलेली, राठ. "यांना ऊन-गार कळत न्हाई. सलमाची आई गेली तवा लेकरू दोन महिन्याचं. न्हाऊ घालताना भाजलं असतं ना. म्हणून कोपर."

आठ दिवसांनी सलमाला मुलगी झाली. बाळाच्या आंघोळीला बायका जमल्या आणि त्यांनी मामूंना अंगणात पिटाळलं, "मर्दों का इधर क्या काम?" मामू मशीनवर उगाच फडकं फिरवत बसले. तेवढ्यात आतून सलमाचा आवाज आला, "अब्बा, पहले तुम पानी देखो. फिर नहलाएंगे."

मामूंनी फडकं तिथेच टाकलं आणि बाही वर सारत आत गेले.