मधल्या प्लगमधला निरोप

मसूरच्या हिंदुराव शेवाळ्यांचे आणि त्यांच्या बायकोचे एकमेकांना द्यायचे निरोप त्यांची पिकअप पोचवायची, आणि गाडी नवी घेतल्यापासून त्यात कधी खंड पडला नव्हता. हिंदुराव स्टिअरिंगवर, वैजयंताबाई शेजारच्या सीटवर, मध्ये हातभर अंतर. तरी हिंदुराव डॅशबोर्डकडे बघून म्हणायचे, "सांग तिला, डबा घेतलाय का म्हनावं." मग बॉनेटखालून जराशा घोगऱ्या पण समजूतदार आवाजात पिकअप म्हणायची, "ते विचारतायत, डबा घेतलाय का." वैजयंताबाई खिडकीबाहेर बघत उत्तर द्यायच्या, "सांग त्यास्नी, पायापाशीच हाय. डोळं असतील तर दिसंल." पिकअप त्यातलं डोळ्यांचं तेवढं गाळायची आणि बाकीचं पोचवायची.

आता दोघांनाही एकमेकांचं बोलणं आधीच ऐकू आलेलं असायचं, हे उघड आहे. पण ऐकू येणं वेगळं आणि निरोप पोचणं वेगळं, हे ज्यांच्या घरात कधी अबोला झालाय त्यांना सांगायला नको. शेवाळ्यांच्या घरात अबोला अधूनमधून असायचाच. पूर्वी मुलगी होती. "पोरी, तुझ्या बापाला जेवायला बोलव," "पोरी, तुझ्या आईला सांग, भूक न्हाय," असं तिच्यामार्फत चालायचं. ती लग्न होऊन चाकणला गेली आणि घरात निरोप न्यायला कुणी उरलं नाही. त्याच सुमारास मांडव आणि खुर्च्या भाड्याने द्यायच्या धंद्यासाठी सीएनजीवरची पिकअप आली. पहिल्याच आठवड्यात हिंदुराव चिडून डॅशबोर्डवर हात आपटून म्हणाले, "कुनीतरी सांगा हिला!" आणि पिकअपनं सांगितलं. शोरूमवाल्यांनी ही सोय आहे म्हणून सांगितलं नव्हतं, पण ती निघाली म्हणून तक्रार करण्यासारखंही काही नव्हतं.

अडचण आली ती वैजयंताबाईंच्या आईच्या वेळेला.

आईचं माहेरी, पाटणच्या वरच्या अंगाला, दुखणं फार वाढलं होतं. फोन आला तेव्हा पिकअपमध्ये मल्हारपेठच्या साखरपुड्याच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. हिंदुराव म्हणाले, वाटेतच आहे, खुर्च्या टाकू आणि तसंच पुढं जाऊ. खुर्च्या टाकल्या, पण तिथल्या माणसांनी कमानही उभी करून द्यायला लावली. एक बांबू कमी पडला. तो शोधला. माहेरच्या अंगणात गाडी वळली तेव्हा आई गेलेली होती आणि बायका रडून दमल्या होत्या. वैजयंताबाई गाडीतून उतरल्या, नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या दिवसापासून जो अबोला धरला तो नेहमीचा नव्हता. नेहमीच्या अबोल्यात टोमणे असायचे. यात तेही नव्हते.

दहाव्याला जाताना, चढणीवर, हिंदुरावांनी मन घट्ट केलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत होती. ते डॅशबोर्डकडे बघून म्हणाले, "सांग तिला, माझं चुकलं. खुर्च्या रस्त्यात टाकून द्याय पायजे हुत्या म्हनावं. तिची आई मी हुकवली." पिकअपनं एक जबर झटका खाल्ला, मग दुसरा, आणि कशीबशी चढण चढली. इंजिनच्या आवाजात ती काही बोलली की नाही, हिंदुरावांना कळलं नाही. ते धरून चालले की ती बोलली असेल. आणि बाई उत्तर देत नाही म्हणजे तिनं माफ केलेलं नाही.

तेव्हापासून गाडी झटके खायला लागली आणि हिंदुराव आतल्या आत झुरायला लागले. दिवाळी गेली, शिमगा आला. पिकअप "दूध आणा", "गॅस संपलाय" एवढं पोचवायची, तेही अडखळत. हिंदुराव रोज स्टिअरिंगवर बसले की कान बॉनेटकडे लावायचे. बाईचं उत्तर आज येईल, असं त्यांना वाटायचं. नुसतं "नाही माफ करत" म्हणून आलं असतं तरी चाललं असतं. माणसाला काहीतरी धरून बसायला पाहिजे असतं.

लग्नसराईच्या तोंडावर गाडी कऱ्हाडच्या हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. वैजयंताबाईंना कऱ्हाडात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून त्या बरोबर होत्या. नाहीतर आल्या नसत्या. आधी डॉक्टरांकडे जाऊन मग दोघं तिथं पोचली.

तिथल्या इंजिनिअर मुलाणी मॅडम, वयानं लहान पण बोलणं मोजकं. त्यांनी बॉनेट उघडलं, तीन स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. कडेचे दोन फिकट बदामी, जसे असायला हवेत तसे. मधला काळाठिक्कर.

"वॉरंटीत बसंल ना?" हिंदुरावांनी विचारलं.

"प्लग हा झिजणारा पार्ट आहे, काका. झिजला तर वॉरंटीत बसत नाही." मॅडमनी मधला प्लग तळहातावर तोलला. "पण हा झिजलेला नाही. हा भरलाय. याच्यात निरोप अडकलाय."

हिंदुराव पुढं वाकले. "कसला निरोप?"

"ते आम्ही ऐकत नाही. खासगी असतो. पण वजनावरून माफी वाटते."

वैजयंताबाई जरा लांब, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला. पाठ मात्र ताठ झाली.

मॅडम शांतपणे पुढं सांगू लागल्या. "ही हलकी गाडी आहे. घरगुती निरोप तिला चालतात. भाजी, डबा, पाहुणे येणार आहेत, इतपत. राग पण थोडाफार चालतो, ती तो गाळून देते. माफी चालत नाही. माफी अवजड वाहतुकीत येते. तुम्ही चढणीवर भरली होती का?"

"व्हय," हिंदुराव खालच्या आवाजात म्हणाले.

"आणि मागं खुर्च्या?"

"खुर्च्या नव्हत्या. पान-फूल नि भांडी हुती. दहाव्याची."

"तरी जास्तच झालं."

"मग ती बोलली का न्हाई मला? जमत न्हाई म्हनायचं हुतं!"

"गाड्या सांगत नाहीत, काका. ओढत राहतात," मॅडम म्हणाल्या, आणि पिकअपच्या मडगार्डवर सहज हात ठेवला. मधला प्लग बाहेर असल्यामुळे पिकअपला या चर्चेत भाग घेता येत नव्हता.

हिंदुरावांच्या आता लक्षात आलं. म्हणजे निरोप गेलाच नव्हता. एवढे महिने बाई उत्तर देत नाही म्हणून ते झुरत होते, आणि निरोप इथं, बॉनेटखाली, काजळी धरून बसला होता. त्यांना रडावं का हसावं कळेना. हसू आलं तर बरं दिसणार नाही म्हणून त्यांनी तोंडावरून रुमाल फिरवला.

"आता काय करायचं?"

"ठरवून ओव्हरलोड केली असेल तर वॉरंटी जाते," मॅडम म्हणाल्या. "पण पाठवणाऱ्यानं अडकलेला निरोप स्वतः पोचवला, तर कंपनी प्लग मोकळा धरते आणि बदलून देते. ज्यांना पाठवला त्या आल्यात का?"

"त्या तिथं बसल्यात."

"मग पोचवा."

बाकडं दहा पावलांवरही नसेल. हिंदुरावांनी आयुष्यात मांडवाचे खांब एकट्यानं उचलले होते, पण त्यांचे पाय हलेनात. ते मॅडमकडे वळले आणि हळूच म्हणाले, "म्याडम, तुम्हीच सांगा की तिला—"

"मी कंपनीची कर्मचारी आहे, काका. निरोप घेणं सर्व्हिसमध्ये बसत नाही."

हिंदुरावांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारी एक टेम्पो उभा होता, चाकं काढलेली. त्यांनी त्याच्याकडे आशेनं बघितलं.

"तो डिझेलवर चालतो," मॅडम म्हणाल्या. "त्याला स्पार्क प्लग नसतात."

मग मात्र काही इलाज उरला नाही. हिंदुराव बाकड्यापाशी गेले. वैजयंताबाई समोरच्या भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीकडे पाहत होत्या. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले होते, त्यामुळे त्यांना ती जाहिरात दिसत नव्हती. हिंदुराव उभे राहिले, टोपी काढली, परत घातली.

"अगं," ते म्हणाले.

या एका शब्दानंच वैजयंताबाईंची मान वळली. हा शब्द त्यांनी थेट तोंडून किती दिवसांत ऐकला नव्हता.

"अगं, माझं चुकलं. खुर्च्या रस्त्यात टाकून द्याय पायजे हुत्या. तुझी आई मी हुकवली." हिंदुरावांनी टोपी पुन्हा काढली. "तिनं माझ्यावर लई जीव लावला हुता गं. मला माझंच तोंड बघवत न्हाई."

मॅडम फडक्यानं हात पुसत उभ्या होत्या. त्या दुसरीकडे बघत होत्या.

"ऐकलंय मी हे," वैजयंताबाई म्हणाल्या. "चढणीवरच ऐकलंय. मी काय भैरी हाय? हातभरावर तर बसले हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"आवं, निरोप पोचल्याबिगर उत्तर कसं द्यायचं? मी आपली वाट बघतीया, आज सांगंल, उद्या सांगंल. एकदोनदा मी तिला इचारलं पन, काय राह्यलंय का तुझ्याजवळ म्हनून. ती नुसतीच ठसकली. मग मला वाटलं, तुम्हीच परत मागं घेतला का काय."

"मी कशाला मागं घीन?"

"मला काय म्हाईत! तुम्ही रोज तोंड पाडून बसायचा. मला वाटायचं, बोलून बसला आनि आता पस्तावा व्हाया लागला."

हिंदुराव बाकड्यावर तिच्या शेजारी बसले. वैजयंताबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थेंबांचं होतं की रडण्याचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण हुंदका मात्र खरा होता.

"माझं उत्तर तयार हुतं," त्या म्हणाल्या. "दहाव्यालाच तयार झालं. माझ्या दादानं मला बाजूला घिऊन सांगितलं, आई पहाटंच गेली हुती. आपल्याला फोन केला तवाच ती न्हवती. बहीन घाबरंल, नीट येऊ द्या म्हनून जिवंत हाय सांगितलं. आपन थेट गेलो असतो तरी ती भेटली नसती. तुमच्या खुर्च्यांनी काय हुकवलं न्हाई."

एवढ्या महिन्यांचं ओझं असं एकदम उतरलं की माणसाला तोल सांभाळावा लागतो. हिंदुरावांनी बाकड्याची कड धरली.

"मग तू ह्ये मला सांगायचं तर—"

"चुकलं माझं पन," वैजयंताबाई म्हणाल्या. "पन तुमच्यावर राग धरला हुता तवर मला रडू कमी यायचं."

हिंदुरावांनी तिचा हात हातात घेतला. सर्व्हिस सेंटरमध्ये, चारचौघांत, वंगणाच्या वासात. लग्नात तेवढा घेतला होता, भटजींनी सांगितलं म्हणून. वैजयंताबाईंनी तो सोडवून घेतला नाही.

मुलाणी मॅडमनी थोडा वेळ जाऊ दिला. मग त्या आल्या आणि म्हणाल्या, "निरोप पोचला. मी मंजूर केलंय. नवा प्लग बसवते. जुना पार्ट कंपनीला जमा होतो, तेवढं चालेल ना?"

हिंदुराव दचकले. "निरोपासकट?"

"निरोपासकट. त्यांना तपासायला लागतो."

कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात अनोळखी माणसं आपली माफी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघतायत, हे हिंदुरावांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"न्हेऊ द्या," वैजयंताबाई म्हणाल्या. "मला तोंडी मिळाली."

मॅडमनी प्लग प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला चिठ्ठी लावली. नवा प्लग बसला, बॉनेट बंद झालं आणि पिकअप पहिल्याच चावीला चालू झाली. झटका नाही, अडखळणं नाही. मॅडमनी खिडकीशी येऊन बजावलं की पुढच्या सर्व्हिसला पुन्हा असं काही आढळलं तर मंजूर होणार नाही. दोघांनी मान डोलावली.

हायवे सोडून गाडी मसूरच्या रस्त्याला लागली तेव्हा पिकअपनं घसा साफ केला. आवाज आता घोगरा नव्हता. "काही निरोप आहे का?" तिनं विचारलं.

"न्हाई," दोघंही एकदमच म्हणाले.

"काय न्हाई बाई," वैजयंताबाईंनी डॅशबोर्डवरची धूळ पदरानं पुसली. "तू आपली चाल."

पिकअप चालत राहिली. थोडं अंतर गेल्यावर हिंदुराव रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "अगं, आईचं सांग की काहीतरी. ल्हान हुतीस तवाचं."

वैजयंताबाईंनी जरा आठवलं आणि सांगायला सुरुवात केली. मसूर फार लांब नव्हतं. पिकअपनं वेग कमी केला, आणि हिंदुरावांनी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला नाही.