पौर्णिमेची मोठी भरती

चिमाजीचं कार्ड आलं तेव्हा सारजाबाई चुलीपुढं होती आणि धर्माजी अंगणात फटफटीचं पोट उघडून बसला होता. देहूरोडच्या लष्करी डेपोतून भंगारात निघालेले तुकडे वेचून त्यानं ती स्वतःच्या हातानं जोडली होती. चाक एका गाडीचं, टाकी दुसरीची आणि आवाज मात्र चार गाड्यांचा. यंत्रातलं त्याला सगळं कळायचं. पण चौथी नापास माणसाकडं सर्टिफिकीट कुठलं असणार? पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला, भरती सुरू झाली, तेव्हा तो रांगेत उभा राहिला आणि फाटक बंद झालं ते नेमकं त्याच्या नाकापुढं. त्याच्या पुढचा माणूस आत गेला. तो पुढचा माणूस म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ कोंडीराम.

तेव्हापासून कोंडीरामची बायको भागूबाई जमिनीवर पाय ठेवीना. भाकरी टाकायची तरी शिफ्ट, म्हैस पिळायची तरी शिफ्ट. "जाऊबाई, जरा हळू बोला, आमचं शिफ्टवरनं आल्यात," असं भर दुपारी तळवड्याच्या आळीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायची. सारजाबाई थोरली जाऊ. तिनं दात आवळून ठरवलं होतं, नवऱ्याला कुठल्या ना कुठल्या कामावर लावायचाच. हे तिचं ठरवणं झालं. धर्माजीला कुणी विचारलंच नव्हतं.

चिमाजी हा सारजाबाईचा पाठचा भाऊ. तीन वर्षांमागं तो कोकणात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडं, रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून गेला होता. बहीण-दाजी फटफटीवर येणार असं त्याला कळवलं होतं, त्याचं हे उत्तर. धर्माजीनं हाताचं तेल धोतराला पुसलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं :

"ति. दाजींस सा. न. वि. वि. तुम्ही उभयता येणार, आनंद झाला. पण पौर्णिमेला येऊ नये. त्या दिवशी येथे मोठी भरती असते. चार दिवस आधी अगर नंतर यावे. कळावे."

तव्यावरची भाकरी करपली तरी सारजाबाई हलली नाही.

"पुन्यांदा वाचा."

"पौर्णिमेला येऊ नये. त्या दिवशी येथे मोठी भरती असते."

"बघितलं? मोठी भरती! अन् आपुन येऊ नये!"

"का बरं येऊ नये?"

"आता ते बी मीच सांगू? त्याच्या बायकोचा भाऊ बसलाय न्हवं घरात रिकामा, त्याला चिकटवायचाय! मुकादम झाला, बायकोचं गोत मोठं झालं, अन् सख्ख्या भनीला चार दिवसांनी या म्हनं, उष्टं काढायला! ह्याला मी पाठंगुळीला घेऊन वाढिवला, अवं!"

"अगं पर त्यो तसा न्हाई..."

"तुमी गप ऱ्हावा. पौर्णिमा कवा हाय?"

पौर्णिमा पाचव्या दिवशी होती. चौथ्या दिवशी पहाटे फटफटी आळीतनं निघाली ती भागूबाईच्या दारात मुद्दाम थांबूनच. "कोकणात भरतीला चाललोय, ह्यांना घेऊन," सारजाबाई म्हणाली. "मोठी भरती हाय म्हनं. तुमच्या पिंपरीसारखी न्हवं." आणि नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती दोन्हीकडं पाय टाकून बसली. घोड्यावर बसायला जे लुगडं पुरलं ते फटफटीला का पुरू नये?

खंडाळ्याचा घाट उतरून, रात्र पेणला देवळाच्या ओसरीवर काढून, पौर्णिमेच्या सकाळी सातला दोघं अलिबागला समुद्रापुढं उभी राहिली. सारजाबाईनं डोळ्यांवर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"एवढं पाणी! अन् पिकतंय काय ह्याच्यात?"

"मीठ."

"एवढ्या पाण्याला निस्तं मीठ? आपल्या इंद्रायणीकाठचा कांदा बरा मग."

धर्माजीनं एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, आज हिकडं भरती हाय न्हवं?"

"आहे की. पण आत्ता ओहोटी आहे. बारा-साडेबाराला पुरी भरती."

"ओहोटी म्हंजे गं काय?" धर्माजीनं हळूच बायकोला विचारलं.

"सायबाच्या न्याहारीची सुट्टी असंल," सारजाबाई म्हणाली. तिला एखादी गोष्ट माहीत नाही असं आजवर घडलं नव्हतं, ते परमुलखात तरी कशाला घडावं? "चला, वेळ हाय तंवर पुढं जाऊ."

नारळीपोफळींतून, एका हाताला निळा समुद्र ठेवत फटफटी धावली. रस्ता इतका देखणा की धर्माजीला गाणं सुचायला लागलं. पण मागून सूचना येत होत्या. नाव खणखणीत सांगायचं. शिक्षान इचारलं तर खोकायचं. यंत्राचं इचारलं तर थांबायचं न्हाई.

रेवदंड्याच्या खाडीशी रस्ता संपला. पलीकडं जायला होडी होती आणि होडीवाला नाखवा काठावर बसून जाळं सांधत होता.

"फटफटी पलीकडं न्यायची," धर्माजी म्हणाला.

"आता नाय. भरती लागली. आज पुनवंची भरती, लई जोराची. दुपारनंतर उतरली का नेतो."

"भरती झाल्यावर जाऊन काय करू मग?" सारजाबाई पुढं झाली. "आमी भरतीसाठीच आलोय."

नाखव्यानं दोघांकडं नीट बघितलं. पुण्याकडची माणसं समुद्र बघायला येतात हे त्याला ठाऊक होतं. "मंग पलीकडं कशाला जायला पायजे? भरती हितं पन येते. दोन्हीकडं सारखीच."

"हितं बी?" सारजाबाईचे डोळे लकाकले. म्हणजे चिमाजीचं तोंडही बघायला नको! "अन् घेत्यात कुणाकुणाला?"

"घेत्यात? तिला काय, जे म्होरं असंल ते आत घेते."

"शिक्षान-बिक्षान?"

"भरतीला कसला शिक्षान!"

धर्माजीला गहिवरून आलं. अशी कंपनी त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

"कुनाच्या हातात असतंय हे सगळं?"

नाखव्यानं सुतळी दातानं तोडली. "चांदोबाच्या. दुसऱ्या कोनाच्या असनार?"

"मग चांदोबास्नी भेटायला पायजे. कवा येत्यात?"

"येतील की सांजच्याला. त्या डोंगराच्या मागनं. आज पुरे येतील."

"अन् तंवर?"

"तंवर काय? नसलं तरी जोर त्यांचाच चालतो."

सारजाबाई नवऱ्याच्या कानाशी लागली. "ऐकलंत? हजर नसताना एवढं वजन! लई मोठा मानूस दिसतोय. सांजच्याला नारळ घेऊन जाऊ."

नाखवा जाळं उचलून निघाला. जाता जाता म्हणाला, "गाडी तेवढी हितं पुळनीवर ठेवू नका. घटकाभरात ही पुळन समदी भरून जाईल."

समोर लांबच लांब वाळू मोकळी पडली होती. एक माणूस नव्हता. घटकाभरात भरणार! पिंपरीला असंच झालं होतं. आधी चारच डोकी, आणि तंबाखू मळेपर्यंत पाचशे. धर्माजीच्या नाकापुढं ते फाटक पुन्हा आपटलं.

"म्होरं असंल ते आत घेते," तो पुटपुटला. "सारजे, नंबर लावू!"

त्यानं फटफटी ढकलत ढकलत पार पुढं नेली. तिच्यापुढं आता फक्त पाणी होतं. म्हणजे तिच्यापुढं कुणाला उभं राहायला जागाच नाही. जागा धरल्याची खूण म्हणून त्यानं हँडलवर आपली टोपी घातली. तिच्या मागं सारजाबाईनं पत्र्याची पेटी ठेवली, दुसरा नंबर म्हणून. कुणी मागनं घुसलं तर पेटीला अडखळेल, हा हिशोब. मग दोघं सुरूच्या झाडांमागं हातपाय धुऊन कपडे बदलायला गेली. भरतीला मळक्या धोतरानं जायचं नसतं.

कोटाची गुंडी लावून धर्माजी बाहेर आला आणि उभाच राहिला.

"सारजे, रांग हालली."

"कुटं हालली?"

"आपुन म्होरं ठिवली व्हती न्हवं गाडी? ती मधी गेली."

फटफटीची दोन्ही चाकं पाण्यात होती. पेटी डुलत डुलत पहिल्या नंबरावर आली होती आणि फटफटीला ओलांडून पुढं जायच्या बेतात होती. टोपी मात्र जागेवर.

"अवं बघताय काय! धरा!"

धर्माजी नव्या धोतरानिशी धावला. हँडल धरलं तर वाळू चाकं सोडेना. पाणी गुडघ्यावरून मांडीवर, मांडीवरून कमरेला आलं. आलेली लाट परत जाताना पायाखालचीही वाळू घेऊन जाई. काठावर नाखवा धावत आला आणि दोन्ही हात वर करून बोंबलला, "भरती! आवो पावनं, भरती!"

धर्माजीनं छातीएवढ्या पाण्यात उजवा हात ताठ वर केला.

"हजर! धर्माजी बाळाजी, मुक्काम तळवडे!"

नाखव्याचे हात वरच राहिले. सारजाबाई काठावरून ओरडली, "मोठ्यानं सांगा! यंत्राचं बी सांगा!" आणि मग एक लाट आली, ती धर्माजीच्या डोक्यावरून गेली. तो वर आला तेव्हा खोकत होता. शिक्षणाचं कुणी विचारलं नव्हतं तरी.

चार कोळ्यांनी दोर टाकून माणूस काढला, मग फटफटी काढली. पेटी आपल्या आपण पुढं गेली होती, ती संध्याकाळी पलीकडच्या काठाला चिमाजीला सापडली. बहिणीची पेटी ओळखून तो पहिल्याच होडीनं धावत आला. छाती बडवायच्या तयारीनं आलेल्या त्या बिचाऱ्याला काठावर धडधाकट बहीण दिसली आणि त्यानं हात जोडले. तिनं मात्र तोंड सोडलं.

"लाव! लाव तुझ्या मेव्हण्याला! आमाला येऊ नका म्हनतोस व्हय?"

"कशाला लावू, अक्का?"

"भरतीला!"

चिमाजी खाली वाळूत बसला. मग त्यानं पाण्याकडं बोट दाखवलं. "अक्का, दुपारी आली ती भरती. पानी चढतं ना, तिला भरती म्हंत्यात हिकडं. अन् उतरतं ती ओहोटी."

धर्माजीनं हळूच विचारलं, "अन् चांदोबा?"

चिमाजीनं वर दाखवलं. डोंगरामागून चंद्र पुरा वर आला होता.

सारजाबाईनं पदराची वाळू झटकली, पुन्हा झटकली, आणि ती म्हणाली, "मग तसं लिहायचं. नुसतं भरती लिहिलं तर मानसानं समजायचं काय?"

चिमाजीकडं चार दिवस राहून धर्माजीनं फटफटीचा एकेक खिळा गोड्या पाण्यात धुतला, तेलात घोळला आणि पुन्हा जोडला. ती सुरू झाली तेव्हा सारं गाव बघायला जमलं. पण सारजाबाईला त्याचं काही नव्हतं. तिला एकच घोर होता. आळीत सांगून आलो. आता भागीला काय सांगायचं? खोटं ती कधी बोलली नव्हती. खोटं बोलायला खालच्या मानेनं बोलावं लागतं, आणि ती मान तिच्याकडं नव्हती.

तळवड्यात उतरायच्या आत भागूबाई दारात होती.

"झाली का मग भरती?"

"झाली की. लई मोठी."

"मानसं किती व्हती?"

"मोजून कशाला सांगू? पर पैला नंबर ह्यांचाच व्हता. ह्यांच्या म्होरं एक मानूस न्हवता."

"अगं बया! अन् घेतलं?"

"घेतलं म्हंजे? फटफटीसकट आत घेतलं."

"शिक्षान न्हाई इचारलं?"

"तिथं शिक्षान इचारतच न्हाईत. म्होरं असंल त्याला घेत्यात."

"मग परत कशापाई आला?"

"ह्यांच्या तब्येतीला झेपंना. तिथलं पानी खारट." सारजाबाईनं पायऱ्या चढता चढता मागं न बघता सांगितलं. "दर पौर्णिमेला असती म्हनं."

धर्माजीनं तोंड उघडलं होतं. बायकोनं त्याच्या हातात पेटी दिली, ती त्याला दोन हातांनी धरावी लागली.

महिना झाला. पौर्णिमेच्या तीन दिवस आधी कोंडीराम अंगणात येऊन उभा राहिला. चेहरा चोरासारखा.

"दादा, जरा गावाला जाऊन येतो. हिनंच धोशा लावलाय. कारखान्यातल्या मुकादमाशी बोललोय. चार दिवस माझ्या जागी तू बदली म्हनून जा. पंपावर मानूस पायजेच त्यास्नी. माझी जागा तेवढी संभाळ."

"कुठल्या गावाला?" धर्माजीनं विचारलं.

कोंडीराम वर बघेना, खाली बघेना. "हितंच. रेवदंड्याकडं."

दुसऱ्या दिवशी पहाटे धर्माजी जन्मात पहिल्यांदा पिंपरीच्या फाटकातून आत जायला निघाला. सारजाबाईनं भाकरी फडक्यात बांधून हातात दिली. तो उंबऱ्यातच घुटमळला.

"सारजे, कोंड्याला खरं सांगायला पायजे व्हतं गं."

"चिमाजीला कार्ड टाकलंय. दोर घेऊन उभा ऱ्हाईल तो. बुडाया न्हाई दिऊ आमी आमचं मानूस." तिनं चुलीत फुंकर घातली. "अन् खरं सांगायचं म्हंजे काय? मी एक शब्द तरी खोटा बोलले का?"

तळवड्यापासून पिंपरीच्या फाटकापर्यंत धर्माजी एकेक शब्द आठवत गेला. त्याला एकही सापडला नाही.